मोह वेचला जातो, लावला मात्र जात नाही

फाल्गुन सरून चैत्र लागला की वाशिंदच्या आसपासच्या माळांवर आणि शेतांच्या बांधांवर उभे असलेले मोहाचे वृक्ष फुलू लागतात. पाने गळून गेलेली असतात, फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस लोंबत असतात आणि रात्रीपासून सकाळपर्यंत फुलांचा सडा जमिनीवर पडत राहतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांतील बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली येतात व ऊन चढण्यापूर्वी फुले वेचून घरी नेतात. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहावयास मिळत आले आहे. त्यात नवीन असे काही नाही, म्हणून त्याकडे कोणाचे विशेष लक्षही जात नाही.

तथापि एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने त्याच झाडाखाली उभे राहून सभोवार नजर फिरवावी. वर पन्नास-साठ वर्षांचा किंवा त्याहूनही जुना वृक्ष दिसेल, पण त्याच्या आसपास कमरेएवढे मोहाचे एखादे रोप आढळणे कठीण. आजोबांच्या वयाची झाडे आहेत, नातवांच्या वयाची नाहीत. ज्या घरात म्हातारी माणसेच तेवढी राहिली आहेत, त्या घराविषयी जी चिंता वाटावी, तीच चिंता या वृक्षाविषयी वाटावयास हवी. मोह आजवर आपोआप उगवत आला; यापुढे तो लावल्याखेरीज टिकणार नाही. बांधावर व वनहक्काने मिळालेल्या जमिनीवर मोहाची हेतुपूर्वक लागवड करणे हे या भागातील शेतकऱ्यांचे आणि कृषी व वन या दोन्ही खात्यांचे निकडीचे कार्य होय.

मोह हा अन्नवृक्ष आहे

मोहाचे नाव निघताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर दारूची भट्टी उभी राहते. हा या वृक्षावर झालेला मोठा अन्याय आहे. वाळलेल्या मोहफुलात साखरेचे प्रमाण फार मोठे, बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ही फुले भाजून, उकडून किंवा कुटून खाण्याची रीत आदिवासी घरांतून जुनी आहे. भाताची कणगी रिकामी होते आणि नवे पीक अद्याप दूर असते, अशा वेळी साठवून ठेवलेली फुले कामास येत. फुलांच्या मागोमाग, पावसाळ्याच्या तोंडाशी, फळे पिकतात. कच्च्या फळांची भाजी होते, पिकलेला गर खाता येतो आणि बियांच्या आतील मगजापासून तेल निघते. मगजाच्या वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक तेल त्यात असते. ते थंडीत तुपासारखे गोठते. खाण्यास, दिव्यास, अंगास लावण्यास आणि साबणास ते उपयोगी पडते. उरलेली पेंड कडू व काहीशी विषारी असल्याने जनावरांना घालण्याजोगी नसते. परंतु खत म्हणून ती शेतात घालता येते आणि जमिनीतील किडींनाही तिच्यामुळे आळा बसतो.

अशा रीतीने एकच झाड उन्हाळ्यात साखर आणि पावसाळ्याच्या आरंभी तेल देते. त्यासाठी नांगरट नको, पाणी नको, दरवर्षीचे बियाणे नको. खडकाळ, मुरमाड वरकस जमिनीत, जेथे नाचणी-वरीचे पीकही जेमतेम येते, तेथे मोह उभा राहतो. आंबा व काजू यांची गणना फळबागेत होते, आणि मोहाची गणना मात्र रानात! हा भेद झाडाच्या गुणांवरून पडलेला नाही. ज्यांच्या हाती ते झाड आहे त्यांच्या दारिद्र्यावरून तो पडलेला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

रोपे का दिसत नाहीत

याची कारणे शोधावयास दूर जावयास नको. पहिले कारण म्हणजे बी. फुले वेचली जातात, पुढे बियाही वेचल्या जातात. तेलासाठी प्रत्येक बी उचलले गेल्यावर उगवणार काय? पूर्वी वटवाघळे फळे नेऊन दूर टाकीत आणि त्यांतून रानात रोपे उगवत. रान विरळ झाले, तसा तो मार्गही अरुंद झाला. शिवाय मोहाचे बी टिकाऊ नसते. भात किंवा तूर यांचे बी वर्षभर ठेवून पेरता येते; मोहाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच झपाट्याने नष्ट होते. वेळेवर ओली माती मिळाली तर ते रुजते, नाहीतर वाया जाते.

दुसरे कारण म्हणजे आग. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. त्या आगीत मागील पावसाळ्यात उगवलेले एखाद-दुसरे रोप जळून जाते, मोठ्या झाडाच्या बुंध्याची साल भाजते आणि वारा असला तर तीच आग डोंगरावर चढून वणवा होते. थोड्या सोयीसाठी दरवर्षी पुढच्या पिढीचे झाड जाळले जाते, हे वेचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

तिसरे कारण म्हणजे मोकाट गुरे आणि शेळ्या. चौथे म्हणजे राबासाठी केली जाणारी टहाळाची तोड. तिच्यात हाताशी येईल त्या झाडाच्या फांद्या छाटल्या जातात आणि कोवळे झाड वर येण्यापूर्वीच खुंटते. यांपैकी कोणतेही एक कारण एकटे असते तर मोह त्यातून तरला असता. चारही एकत्र आल्यामुळे त्याची वंशवेल खुंटू लागली आहे.

चेस्टनटचा धडा

मोहासारख्या वृक्षावर जगणारे लोक जगात अन्यत्रही आहेत. दक्षिण युरोपच्या डोंगराळ प्रदेशात चेस्टनट नावाचा वृक्ष आहे. त्याच्या काटेरी बोंडात पिठूळ, गोडसर बिया असतात. थंड हवेचा हा वृक्ष कोकणच्या उष्ण, दमट हवेत फलदायी होणार नाही. भारतात तो हिमालयाच्या थंड पट्ट्यात तुरळक आढळतो. तेव्हा वाशिंदच्या शेतकऱ्याने चेस्टनटच्या रोपामागे लागण्याचे कारण नाही. त्याच्यामागे तेथील शेतकऱ्यांनी जे कष्ट घेतले, ते मात्र पाहण्यासारखे आहेत.

फ्रान्समधील सेवेन डोंगरात आणि कॉर्सिका बेटावर जेथे गहू पिकत नसे, तेथे लोक चेस्टनटच्या बिया वाळवून दळीत आणि त्या पिठावर वर्ष काढीत. सेवेनमध्ये या झाडास ‘भाकरीचे झाड’ असेच नाव पडले होते. परंतु तेथील शेतकरी केवळ वेचणारे राहिले नाहीत. ज्या झाडाचे फळ मोठे, गोड आणि टिकाऊ, त्याच्या काड्या घेऊन त्यांनी कलमे बांधली, उतारावर दगडी बांध घालून रांगेने झाडे लावली, खालची झुडपे साफ केली आणि जुन्या झाडांची वेळोवेळी छाटणी केली. कॉर्सिका जिनोआच्या सत्तेखाली असताना, सोळाव्या शतकात, प्रत्येक जमीनधारकाने दरवर्षी चार फळझाडे लावावीत असा हुकूम काढण्यात आला होता आणि त्या झाडांत चेस्टनटचा समावेश होता. बेटाच्या एका भागाचे कास्तान्यिच्चा हे नावच मुळी या झाडावरून पडलेले आहे. रानातील झाड शेतातील झाड झाले, ते अशा कष्टांनी.

याच वृक्षाची दुसरी कथा अमेरिकेतील आहे आणि ती दुःखद आहे. तेथील पूर्वेकडच्या डोंगरांत चेस्टनटची अफाट राने होती. ही झाडे कधी संपतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. १९०४ साली न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील झाडांवर एक बुरशीजन्य रोग आढळला. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर तो आला असावा असे मानले जाते. पुढील सुमारे पन्नास वर्षांत त्या रोगाने तीनशे ते चारशे कोटी झाडे मारली असा अंदाज आहे. आजही जुन्या मुळ्यांतून फुटवे येतात, पण बहुधा फळ धरण्यापूर्वीच ते रोगाला बळी पडतात. मोहावर असा रोग आलेला नाही. मात्र जे झाड सर्वत्र दिसते ते सदैव दिसतच राहील, हा भरवसा किती पोकळ असतो, एवढे या उदाहरणावरून कळून येते.

कायदा आणि मोह

मोहाकडे पाहण्याची सरकारी दृष्टीही या दुर्लक्षास काही अंशी कारणीभूत आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ब्रिटिश अमदानीत, १८९२ साली, मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुलांचा साठा व विक्री यांवर निर्बंध घालण्यात आले. हेतू अबकारी उत्पन्नाच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की स्वतःच्या दारातील झाडाचे फूल घरात ठेवणे हे संशयास्पद कृत्य ठरले. स्वातंत्र्यानंतरही दारूबंदीच्या कायद्याखाली मोहफुलांवरील बंधने दीर्घकाळ राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील आदिवासींची मालकी मान्य केली. २०२१ साली राज्य शासनाने आदिवासींकडून होणाऱ्या मोहफुलांच्या संकलनावरील व व्यापारावरील निर्बंध शिथिल केले. त्यापूर्वीच, २०१३-१४ मध्ये केंद्र शासनाने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली, तीत मोहाच्या बियांचा अंतर्भाव होता.

मोहापासून दारू होते, म्हणून मोह लावू नये, असा आक्षेप कोणी घेईल. उसाच्या मळीपासूनही मद्यार्क होतो. त्यासाठी कोणी ऊस लावावयाचा सोडला नाही. दारूच्या व्यसनाने आदिवासी पाड्यांवर जी हानी केली आहे ती खरी आहे आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु फुलाला अन्न म्हणून, लाडू, काकवी किंवा मुरंबा म्हणून भाव मिळू लागला, तर ते भट्टीकडे जाण्याचे प्रमाण कमीच होईल. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वन धन योजनेखाली गुळवेलीचा संघटित व्यापार उभा करून दाखविला आहे. रानातील वेलीच्या बाबतीत जे साधले, ते मोहाच्या बाबतीत साधू नये असे काही नाही.

कायद्याची दुसरीही एक बाजू आहे. खाजगी जमिनीवरील झाडांच्या तोडीचे नियमन करणारा राज्याचा कायदा १९६४ साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत मोहाचे नाव घालण्यात आले. त्यामुळे जुनी झाडे बरीच वाचली, हे त्या कायद्याचे श्रेय होय. परंतु पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात त्यामुळे एक भीतीही बसली आहे. बांधावर मोह वाढू दिला तर उद्या घर बांधावयाचे झाल्यास किंवा जमिनीची वाटणी करावयाची झाल्यास परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतील, या धास्तीने आपोआप उगवलेले रोपही लहानपणीच उपटले जाते. झाडाच्या रक्षणासाठी केलेला नियम रोपाच्या मुळावर येऊ नये. ज्याने स्वतः मोह लावला आणि त्याची नोंद तलाठी दप्तरी करून घेतली, त्याला पुढे गरज पडल्यास तोडीची परवानगी सुलभतेने व ठराविक मुदतीत मिळेल, अशी तरतूद झाली तर ही भीती दूर होईल.

वाशिंदची निकड

वाशिंद हे कल्याण-कसारा रेल्वेमार्गावरील स्थानक आहे आणि मुंबई-नाशिक महामार्गही जवळूनच जातो. त्यामुळे या परिसरातील जमिनीला शहराकडून मागणी आहे. वरकस जमिनीचे तुकडे पडत आहेत आणि तेथे बंगले उभे राहत आहेत. मोहाचे जुने वृक्ष नेमके याच वरकस जमिनीवर असतात. जमीन विकणाऱ्याला झाडाची किंमत वेगळी मिळत नाही, आणि ज्या कातकरी कुटुंबांनी त्या झाडाची फुले आजवर वेचली त्यांना तर या व्यवहारात विचारलेही जात नाही. तीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मोह फुलतो त्या वेळी मोहाची खरी पारख असलेली माणसे गावात नसतात. झाड, जमीन आणि झाडाचे ज्ञान ही तिन्ही एकाच वेळी हातची निसटत आहेत.

लागवड कशी करावी

मोहाची लागवड कठीण नाही, परंतु तिला वेळेचे बंधन आहे. लागवडीसाठी जागा निवडताना भाताचे खाचर टाळावे. साचलेले पाणी मोहाला मानवत नाही आणि झाडाच्या सावलीने भाताचे नुकसान होते. वरकस जमिनीचा बांध, माळाची कड किंवा वनहक्काने मिळालेल्या प्लॉटची सीमा या जागा योग्य होत. उन्हाळ्यात सुमारे दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे खणून ते तापू द्यावेत आणि मृगापूर्वी माती व कुजलेले शेणखत यांनी भरून ठेवावेत. दोन झाडांत तीस फुटांच्या आसपास अंतर असावे.

बी नेहमी ताजे घ्यावे. झाडाखाली आपोआप पडलेली पक्व फळे गोळा करून गर काढून टाकावा, बिया धुवाव्यात आणि आठवडाभरात पेराव्यात. बिया उन्हात वाळवू नयेत व पुढील वर्षासाठी ठेवू नयेत. खड्ड्यात दोन बिया पाऊण इंच खोल लावाव्यात आणि उगवल्यावर त्यांतील जोमदार रोप ठेवावे. मोहाचे सोटमूळ प्रथमपासूनच खोल जाते. म्हणून जागेवर बी लावणे हे रोप उपटून लावण्यापेक्षा श्रेयस्कर. पिशवीत रोपे करावयाची असल्यास पिशवी खोल असावी आणि लावताना मुळाभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये.

पहिली तीन-चार वर्षे हीच कसोटीची असतात. रोपाभोवती काट्यांचे कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे रोपाजवळ सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरत राहिल्यास रोप जगते. शिमग्यापूर्वी रोपाभोवतीचे गवत कापून तीन-चार फुटांची जागा साफ ठेवावी, म्हणजे वणव्याची झळ पोहोचत नाही. राबासाठी या झाडाची फांदी तोडू नये. मोठ्या झाडांवर बांडगूळ वाढले असल्यास त्याला फळे धरण्यापूर्वीच ते फांदीच्या भागासह कापून काढावे. नुसती पाने ओरबाडल्याने ते पुन्हा फुटते. फुले वेचताना पाला पेटविण्याऐवजी जागा झाडून घ्यावी, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी पसरावीत. फुले स्वच्छ मिळतात, मातीने खराब होत नाहीत आणि त्यांना भावही चांगला येतो.

बियांपासून केलेल्या मोहाला फुले येण्यास आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. इतकी वाट कोणी पाहावी, असा प्रश्न येथे विचारला जातो. त्याचे उत्तर कलमात आहे. आंबा व काजूप्रमाणे मोहाचेही मृदकाष्ठ कलम होते. गुजरातेत गोध्राजवळील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने मोहाच्या कलमांवर काम करून ‘थार मधु’ नावाचा वाणही निवडला आहे. कलमी झाड रोपापेक्षा पुष्कळ लवकर फुलावर येते आणि मातृवृक्षाचे गुण त्यात कायम राहतात.

तरीही बाहेरच्या वाणावरच विसंबून राहण्याचे कारण नाही. कोणत्या मोहाचे फूल जाड व गोड, कोणता मोह दरवर्षी फुलतो आणि कोणता एका वर्षाआड, कोणाची बी तेलाला चांगली, हे प्रत्येक पाड्यावरील एखाद्या वृद्ध बाईस तोंडपाठ असते. कृषी सहायकाने अशा जाणत्या माणसांस बरोबर घेऊन झाडे पाहावीत, निवडक झाडांवर खूण करावी आणि त्यांच्या काड्या घेऊन कलमे बांधावीत. सेवेनच्या शेतकऱ्यांनी चेस्टनटच्या बाबतीत हेच केले होते. येथील ज्ञान लिहून ठेवलेले नाही. ते जाणणारी माणसे आहेत तोवरच ते उपयोगात आणता येईल.

काय व्हावयास हवे

शासनाच्या पातळीवर चार गोष्टी होणे अगत्याचे आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत स्थानिक निवडक झाडांपासून तयार केलेली मोहाची कलमे शेतकऱ्यांना वेळेवर मिळाली पाहिजेत. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड राज्यात १९९० पासून चालू आहे. तीत आंबा-काजूच्या बरोबरीने मोहाचा पुरस्कार झाला पाहिजे. खड्डे खणण्याची कामे फाल्गुन-चैत्रात काढली, तर वीटभट्टीवर जाणाऱ्या काही कुटुंबांना तरी गावातच मजुरी मिळेल आणि मोहाच्या हंगामात ती झाडाजवळ राहतील. होळीपूर्वी ग्रामसभांमार्फत वेचणाऱ्यांना जाळ्या पुरविल्या, तर वणव्यांवर जो खर्च होतो त्याच्या मानाने हा खर्च अल्प ठरेल.

परंतु शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. शेतकरीबंधूंनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या बांधावर निदान दोन खड्डे तयार ठेवावेत. ज्या झाडाची फुले आजवर वेचली, त्याच झाडाच्या चार बिया तेलासाठी न देता राखून ठेवाव्यात आणि मृगाचा पाऊस स्थिरावताच त्या मातीत घालाव्यात. त्यास पैसा लागत नाही. लागते ती केवळ थोडी आठवण, आणि पहिली चार वर्षे गुरांपासून व आगीपासून रोपाला जपण्याची चिकाटी.